एक बोट, दोन बोटं

गेले दोन शनिवार-रविवार टचपॅडपायी गेले. लॅपटॉपच्या कीबोर्डखाली तो गुळगुळीत चौकोन असतो ना, तोच. इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये पाट्या टाकतोय, पण त्या चौकोनात बघण्यासारखं काही असेल असं कधी वाटलं नव्हतं. बोट फिरवलं की बाण फिरतो, संपलं. पण बाबांचं वाचन बंद पडलं आणि त्यात डोकं घालावं लागलं. एकदा घातल्यावर लक्षात आलं की ह्या तळहाताएवढ्या चौकोनाचा चांगला तीस वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात बाबांसारख्या माणसांचं काय झालं हे कुणी फारसं लिहून ठेवलेलं नाही.

आधी तक्रार सांगतो. बाबांनी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात केली. तिथे मशीनमध्ये उजव्या हाताचं मधलं बोट सापडलं. बोट वाचलं, पण तेव्हापासून ते अर्धवट वाकलेलंच राहिलं. तर्जनी मात्र ठणठणीत. आता रिटायर झाल्यावर नेरूळच्या घरी दुपारी पलंगावर उशीला टेकायचं, मांडीवर लॅपटॉप घ्यायचा आणि मराठी विश्वकोशाच्या नोंदी वाचत बसायचं, हा त्यांचा उद्योग. आवडलेला मजकूर उचलून ते एका फाइलमध्ये साठवतात. ('माउस घ्या की' असं सुचवणाऱ्यांनी एकदा पलंगावरच्या गोधडीवर माउस चालवून बघावा.)

त्यांचा लॅपटॉप २०१२ सालचा. त्यावर एक गंमत होती. तर्जनी पॅडच्या उजव्या कडेला टेकवायची आणि तिथून पॅडवर गोल गोल फिरवायची. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की पान खाली, उलट फिरवलं की वर. बोट उचलायचं कामच नाही. जात्याचा खुंटा धरून दळतात तसं. आमच्या घरात ह्या प्रकाराला नावच पडलं 'दळण'. "बाबा काय करतायत?" "दळतायत."

मग एका वर्षी सिस्टम अपडेट झाली आणि दळण बंद. बाण फिरे, क्लिक होई, पान मात्र ढिम्म. मी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडचा मुलगा अगदी नम्र होता. म्हणाला, "सर, आता दोन बोटांनी स्क्रोल होतं. जास्त सोपं आहे." मी बाबांच्या बोटाचं सांगितलं. दोन सेकंद शांतता. मग, "सर, डावा हात वापरून बघायला सांगा ना."

मी त्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, एक जुना ड्रायव्हर बसवला, एका ओळीत गोल स्क्रोल चालू केला आणि दळण पुन्हा सुरू झालं. कित्येक वर्षं चाललं. गेल्या महिन्यात मीच शहाणपणा करून नवी आवृत्ती चढवली. दळण पुन्हा बंद! अपडेटनेच तोंडचा घास काढायची ही दुसरी वेळ. ह्या वेळी म्हटलं, फोन-बिन नको, मुळाशी जाऊ.

तर मूळ.

लॅपटॉपला माउस कुठे लावायचा हा प्रश्न १९९० च्या आसपास खरोखर अवघड होता. ॲपलच्या १९९१ च्या पॉवरबुकमध्ये ट्रॅकबॉल होता. आयबीएमच्या थिंकपॅडमध्ये १९९२ साली कीबोर्डच्या मधोमध ते लाल बोंडूक आलं, ज्याचे भक्त आजही भेटतात. बोटाने नुसतं घासायचा पॅड हा तिसरा मार्ग. जॉर्ज गर्फाइड ह्यांनी १९८८ च्या सुमारास बोटाची विद्युत-धारिता मोजणारा पॅड बनवला, आणि ॲपलने तशा जातीचा पॅड १९९४ च्या पॉवरबुक ५०० मालिकेत बसवला. ट्रॅकबॉलमध्ये अडकणारा मळ नखाने काढायची कटकट गेली. पाचेक वर्षांत बहुतेक लॅपटॉपांवर पॅड दिसायला लागला.

त्यातले बरेच पॅड सिनॅप्टिक्स ह्या कंपनीचे. ही कंपनी १९८६ साली फेडेरिको फाजिन आणि कार्व्हर मीड ह्यांनी काढली. फाजिन म्हणजे इंटेलची ४००४ ही पहिली मायक्रोप्रोसेसर चिप ज्यांच्या हातून घडली ते, आणि मीड म्हणजे कॅलटेकचे नामांकित प्राध्यापक. कंपनी काढली होती मेंदूसारख्या चिपा, न्यूरल नेटवर्क, करायला. आज ज्याच्या नावाने सगळं जग नाचतंय तेच. तेव्हा त्यावर पोट भरेना, टचपॅडवर भरलं.

आता महत्त्वाची गोष्ट. ह्या पॅडला स्क्रोल म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. माउसला चाक आलं आणि घराघरात पोचलं ते १९९६ च्या मायक्रोसॉफ्ट इंटेलिमाउसमुळे. त्यामागचे एरिक मिशेलमन एक्सेलचे लांबरुंद तक्ते बघताना लोकांची होणारी तारांबळ बघत होते, त्यातून ते चाक निघालं. चाकाचा एक खटका म्हणजे १२० असा आकडा विंडोजमध्ये ठरला. पुढेमागे कुणी जास्त बारीक फिरणारं चाक केलं तर त्याला १२० चे तुकडे पाठवता यावेत म्हणून एवढा मोठा आकडा. हा १२० लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा भेटेल.

माउसला चाक आलं, पण लॅपटॉपच्या पॅडला चाक कुठून लावणार? म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी थाप मारली. पॅडच्या उजव्या कडेची एक बारीक पट्टी राखून ठेवली. बोट त्या पट्टीत वर-खाली झालं की ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टमला सांगे, 'चाक फिरलं हो.' चाक नाहीच मुळी! सिस्टमला पत्ता नाही, वर्डला पत्ता नाही, ब्राउझरला पत्ता नाही. सगळे समजतायत की माउसचं चाक फिरतंय. म्हणजे स्क्रोल पॅडमध्येही नव्हता आणि सिस्टममध्येही नव्हता. तो त्या मधल्या ड्रायव्हरच्या कृपेवर होता. पुढचं सगळं रामायण ह्या एका वाक्यातून निघतं.

थापेची दुसरी बाजू अजून मजेशीर आहे. हे पॅड पीएस/२ माउसच्याच तारेवर बोलत. चालू केल्या केल्या पॅड सांगणार, 'मी साधा माउस.' तीन-तीन बाइटची पाकिटं: बटणं, आडवं किती सरकलं, उभं किती सरकलं. बोट पॅडवर नेमकं कुठे आहे हे त्यात नसतंच, मग कड ओळखणार कशी? तर माउसला 'रेझोल्यूशन बदल' अशी एक हुकमी आज्ञा असते, तिच्यात दोन बिट मावतात. ड्रायव्हर ही आज्ञा लागोपाठ चार वेळा देतो, म्हणजे आठ बिटांचा एक गुप्त निरोप, आणि मग 'तुझी हालहवाल सांग' म्हणतो. साधा माउस ह्यातून काहीच बोध घेत नाही. पण सिनॅप्टिक्सचा पॅड ही खूण ओळखून उत्तर देतो. मुरारबाजीच्या किल्ल्याला परवलीचा शब्द असेल तसं. त्यानंतर पॅड सहा बाइटची पाकिटं द्यायला लागतो. त्यात बोटाचा नेमका पत्ता, बोट किती टेकलंय त्याचा आकडा आणि त्याची रुंदी, सगळं असतं. रुंदीच्या जागी शून्य आलं तर पॅडवर दोन बोटं आहेत असा अर्थ. म्हणजे दोन बोटं मोजता येत होती फार आधीपासून, फक्त दुसरं बोट कुठे आहे हे कळत नव्हतं.

एकदा नेमका पत्ता हातात आला की गोल स्क्रोल म्हणजे नववीतलं गणित. पॅडचा मध्य धरायचा, बोटाचा कोन काढायचा, मागच्या पाकिटातल्या कोनातून वजा करायचा. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये दर ०.१ रेडियनला चाकाचा एक खटका असा मूळ हिशोब होता. पूर्ण फेरा म्हणजे ६२ खटके. कडेच्या पट्टीत बोट तळाला पोचलं की उचलून पुन्हा वर न्यावं लागतं. वर्तुळाला तळच नाही. सिनॅप्टिक्सने विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये ह्याला 'कायरलमोशन' असं भारदस्त नाव दिलं होतं. तुम्ही जुना आयपॉड वापरला असेल तर ही कल्पना तुमच्या अंगठ्याला माहीत आहे. २००२ च्या आयपॉडवरचं स्पर्शाचं चाक सिनॅप्टिक्सचंच होतं.

लिनक्सचा सिनॅप्टिक्स ड्रायव्हर मात्र नावापुरताच सिनॅप्टिक्सचा, कंपनीने लिहिलेला नव्हे. स्टेफान ग्माइनर, मग पेटर ओस्टरलुंड अशा लोकांनी तो २००० च्या दशकात वाढवला. आणि फुकट काम करणारे लोक वाढवतात तसाच तो वाढला. ज्याला जे हवं त्याने ते घातलं. चारही कोपऱ्यांना वेगवेगळं बटण. गोल स्क्रोल कुठल्या कडेपासून किंवा कोपऱ्यापासून सुरू व्हावा ह्याचे शून्य ते आठ असे नऊ पर्याय. तळवा ओळखणं. बोट उचलल्यावर पान किती वेळ घरंगळत राहावं, त्याला घर्षण किती. त्याचं मॅन्युअल वाचताना मला आमच्या आजीच्या फडताळाची आठवण झाली. काय नाही त्यात! आणि कशाला हात लावला की काय पडेल ह्याचा नेम नाही.

आता दोन बोटांकडे येऊ, कारण खरी कळ तिथे आहे.

डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन नावाचा एक विद्यार्थी होता. टाइप करून करून त्याचे हात दुखावले होते, साधं बटण दाबणंही त्रासाचं. म्हणून अजिबात जोर न लावता, नुसत्या स्पर्शाने चालणारा पृष्ठभाग त्याने आणि त्याचे प्राध्यापक जॉन एलियास ह्यांनी तयार केला. त्यावर एकाच वेळी सगळी बोटं वेगवेगळी ओळखू येत. १९९८ मध्ये त्यांनी फिंगरवर्क्स ही कंपनी काढली. तिची उपकरणं मुख्यतः हात दुखावलेले लोकच घेत, आणि घेणारे त्यांच्यावर जीव टाकत. २००५ मध्ये ॲपलने ती विकत घेतली आणि ती उपकरणं बाजारातून गेली. ते ज्ञान पुढे आयफोनमध्ये कसं दिसलं हे वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी जानेवारीत ॲपलच्या पॉवरबुकवर दोन बोटांचा स्क्रोल आला. (ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडायचा मोह होतो, पण दोन बोटांचा स्क्रोल आधी आला, खरेदी नंतर झाली.)

दुखावलेल्या हातांसाठी निघालेली वाट चांगल्या हातांच्या हमरस्त्याला मिळाली, आणि हमरस्ता झाल्यावर त्यावर एका बोटाने चालायची सोय राहिली नाही. हे कुणी ठरवून केलं असं नाही. दोन बोटांचा स्क्रोल खरोखरच चांगला आहे. मी स्वतः तोच वापरतो. कड शोधायला नको, पॅडवर कुठेही चालतो, आडवाही जातो. २००८ मध्ये मॅकबुकच्या काचेच्या पॅडवरचं वेगळं बटणच गेलं. २००९ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये, २.६.३० आवृत्तीत, अनेक बोटांचे पत्ते वेगवेगळे पाठवायची रीतसर सोय झाली. प्रत्येक पायरी पुढचीच होती.

पण ह्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरची थाप उघडी पडायला लागली. एक किस्सा सांगतो, पुढे कामाला येईल. सिनॅप्टिक्स ड्रायव्हरमध्ये बोट उचलल्यावर पान घरंगळत राहायचं. कसं? तर बोट उचललेलं असतानाही ड्रायव्हर 'चाक फिरतंय, चाक फिरतंय' असे खोटे खटके पाठवत राहायचा. आता तुम्ही जोरात स्क्रोल केलं, बोट उचललं आणि लगेच कंट्रोल-सी किंवा कंट्रोल-टी दाबायला गेलात. कंट्रोल दाबलेलं आणि चाक फिरतंय, ह्याचा ब्राउझरच्या भाषेत अर्थ काय? झूम! अक्षरं क्षणात भिंतीवरच्या जाहिरातीएवढी, नाहीतर मुंगीएवढी. ह्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत होत्या आणि ड्रायव्हरमध्ये बसून त्यावर खरा उपाय नव्हता. पान घरंगळतंय की खरंच कुणी चाक फिरवतंय हे फक्त ड्रायव्हरला माहीत, आणि कंट्रोलचा अर्थ फक्त ब्राउझरला माहीत. एकमेकांशी बोलायची सोय नाही.

रेड हॅटमधले पीटर हटरर हे गृहस्थ हा ड्रायव्हर सांभाळत होते. वेलँड ही नवी चित्रव्यवस्था येऊ घातली होती, तिच्यासाठी लिबइनपुट ही नवी लायब्ररी तयार होत होती. तिची धुरा हटरर ह्यांच्याकडे आली. त्यांची भूमिका सरळ होती. डझनावारी पर्याय आणि त्यांची एकमेकांशी होणारी हजारो लग्नं कुणालाही तपासता येत नाहीत. थोडे पर्याय ठेवू, ते नीट चालवू. घरंगळणं ड्रायव्हरचं काम नाही, ते प्रोग्रॅमने करावं, कारण पान कधी थांबवायचं हे त्यालाच कळतं. लिबइनपुट फक्त 'बोट उचललं' एवढं सांगेल. फेडोरा २२ मध्ये, २०१५ साली, ही लायब्ररी मूळ निवड झाली. २०१६ मध्ये ग्नोम ३.२० ने जुन्या ड्रायव्हरचा आधार काढला. लिबइनपुटमध्ये दोन बोटांचा स्क्रोल आला, कडेचाही आला. गोल स्क्रोल आला नाही.

विंडोजमध्येही तेच घडलं, फक्त मोठ्या दरवाज्याने. दर लॅपटॉप कंपनीचा ड्रायव्हर वेगळा, वागणं वेगळं, म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज ८.१ बरोबर, २०१३ मध्ये, प्रिसिजन टचपॅड आणला. पॅडने फक्त बोटांचे पत्ते पाठवायचे, अर्थ सिस्टम लावणार. सगळ्या लॅपटॉपांवर एकसारखं वागणं, एकच सेटिंगची खिडकी. विंडोज १० च्या त्या खिडकीत दोन बोटांचा स्क्रोल होता. कायरलमोशन नव्हतं, उजवी कडही नव्हती.

म्हणजे दोन वेगळ्या जगांतल्या, एकमेकांशी न बोलणाऱ्या लोकांनी एकच निर्णय घेतला. आणि इंजिनियर म्हणून मला दोन्हीकडचा निर्णय बरोबर वाटतो, हीच तर पंचाईत आहे. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. आमच्या हापिसात एखादं जुनं सेटिंग काढताना आम्ही काय बघतो? किती लोक वापरतात. आकडा बारीक असला की आनंदाने उडवतो, कोड स्वच्छ झाला म्हणून चहा पितो. त्या बारीक आकड्यात पलंगावर उशीला टेकून बसलेलं कुणी असेल हे त्या तक्त्यात दिसत नाही. जो गंमत म्हणून वापरतो तोही एक आणि ज्याला दुसरा इलाजच नाही तोही एक.

ह्याच प्रश्नाची दुसरी गोष्ट आमच्या नेरूळपासून हार्बर लाइनवर तीन स्टेशनांवर आहे. खारघर स्टेशनसमोर सी-डॅकचं केंद्र आहे. सी-डॅकमध्ये २००३ साली विलीन होण्याआधी ही संस्था एनसीएसटी म्हणून ओळखली जायची, मुख्य ठाणं जुहूला. त्या एनसीएसटीमध्ये इंडिक्स नावाचा एक प्रकल्प झाला. लिनक्सवर तेव्हा देवनागरी धड दिसत नसे. पडद्यावर अक्षरं काढायचं काम एक्स विंडो सिस्टमचं, आणि तिला 'एक आकडा, एक आकृती, डावीकडून उजवीकडे' एवढंच कळायचं. आपली ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरानंतर आणि कागदावर आधी. जोडाक्षरांची तर बातच नको. इंडिक्सवाल्यांनी धाडस असं केलं की हे सगळं ज्ञान थेट एक्सच्याच पोटात घातलं. फायदा काय? वरचे प्रोग्रॅम तसेच ठेवायचे, एका ओळीलाही हात लावायचा नाही, तरी त्यांना देवनागरी आपोआप मिळणार.

त्याच सुमारास बाहेरचं जग दुसरीकडे चाललं होतं. २००२ च्या ग्नोम २ मध्ये पँगो आलं. अक्षरं जुळवायचं काम खालच्या थरातून काढून वरच्या लायब्ररीकडे दिलं. तिथे ते जास्त चांगलं होतं, कारण ओळ कुठे मोडायची, कर्सर कुठे ठेवायचा हे वरच्यालाच कळतं. जग पँगोच्या वाटेने गेलं, इंडिक्स मागे पडलं. जे जुने प्रोग्रॅम थेट एक्सकडून अक्षरं काढून घेत होते, त्यांना देवनागरी धड मिळालीच नाही.

घरंगळण्याचं आणि जोडाक्षराचं भांडण एकच आहे. खालच्या थरात काम केलं तर सगळ्यांना न मागता मिळतं, पण जरा वेडंवाकडं. वरच्या थरात केलं तर सुंदर होतं, पण जो मागेल त्यालाच. फरक एवढाच की देवनागरीला मागणारे कोट्यवधी होते, म्हणून वरच्या मजल्यावर कुणीतरी ते काम पुन्हा, पहिल्यापेक्षा चांगलं, केलं. गोल स्क्रोल खालच्या मजल्यावरून निघाला आणि वर त्याला घर कुणी दिलंच नाही.

बरं, एका बोटाला तोवर दुसरी एक सोय होती: खिडकीच्या उजव्या काठाची पट्टी, स्क्रोलबार. ती धरून ओढता यायची, टोकाचे बाण दाबता यायचे. पण सगळे दोन बोटांनी स्क्रोल करायला लागल्यावर 'ही पट्टी जागा खाते' असं वाटायला लागलं. २०११ च्या मॅक ओएस लायनमध्ये बाण गेले आणि पट्टी लपायला लागली. (स्क्रोलची दिशा उलटी झाली तीही तेव्हाच. त्यावर जगभर इतका गदारोळ झाला की बाण गेल्याचं दुःख कुणी केलंच नाही.) त्याच वर्षी उबुंटूनेही पट्टी दोऱ्याएवढी केली. बाबांना ती पकडायला सांगणं म्हणजे चष्मा काढून सुईत दोरा ओवायला सांगणं.

कडेचा स्क्रोल लिबइनपुटमध्ये आहे असं वर म्हटलं, तो बाबांना लावून दिला होता. दोन दिवस त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. अडचण वेगळीच निघाली. बोट तळाला गेलं की उचलून वर न्यावं लागतं, आणि प्रत्येक वेळी हात उचलून टेकवताना ते वाकलेलं मधलं बोटही पॅडला शिवतं. पॅडच्या हिशोबी दोन बोटं आली, मग राइट क्लिक, मग मेनू. विश्वकोशाची एक लांबलचक नोंद म्हणजे असे पन्नास मेनू. दळणात हात एकदा टेकला की टेकला, मधलं बोट हवेतच.

जुना ड्रायव्हर परत बसवू म्हटलं तर तो फक्त एक्सवर चालतो, आणि एक्सचाच मुक्काम हलायला लागलाय. उबुंटू २५.१० मध्ये, म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरात, ग्नोमचा एक्सवरचा पर्यायच नव्हता. बाकीचे डेस्कटॉप अजून तो देतात, पण आणखी किती वर्षं?

मग उरला एकच मार्ग, आपला हात जगन्नाथ. पहिल्या रविवारी पायथनमध्ये दीडेकशे ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. तो खरा टचपॅड स्वतःच्या ताब्यात घेतो आणि सिस्टमसमोर एक खोटा टचपॅड उभा करतो. सगळी पाकिटं इकडून तिकडे जशीच्या तशी. फक्त बोट उजव्या कडेला टेकून वळायला लागलं की त्या खोट्या पॅडला म्हणतो 'बोट उचललं', आणि शेजारी उभ्या केलेल्या एका खोट्या माउसचं चाक फिरवतो. लिनक्समध्ये २०१९ पासून बारीक चाकाची सोय आहे, आणि एका खटक्याचा आकडा? १२०! विंडोजवाल्यांचाच. कोनाचं गणित मी जुन्या ड्रायव्हरमध्ये वाचलं होतं तेच, ०.१ रेडियनसकट.

पहिल्याच दुपारी दळण सुरू झालं. बाबा खूश. संध्याकाळी म्हणाले, "अरे, पूर्वी हात काढल्यावर पान जरा पुढे जायचं, आता एकदम ब्रेक लागल्यासारखं थांबतं." मी फुशारक्या मारत दुसऱ्या शनिवारी घरंगळणंही घातलं. वीसेक ओळी.

रविवारी सकाळी बाबांची हाक. "अक्षरं एवढी मोठी का झाली रे?" पडद्यावर एक 'ज्ञा' आणि अर्धा 'ने', बस. नोंद वाचून झाली, बोट उचललं, मजकूर उचलायला कंट्रोल-सी दाबलं, आणि माझं खोटं चाक अजून फिरत होतं.

मी हसावं की रडावं ह्या विचारात बसलो. वर ज्या चुकीचा किस्सा रंगवून सांगितला, तीच चूक मी वीस ओळींत जशीच्या तशी करून ठेवली होती. उपाय सुचला तो सोपा होता: कंट्रोल दाबलं की घरंगळणं थांबवायचं. पण त्यासाठी माझ्या प्रोग्रॅमला कीबोर्ड वाचावा लागणार, म्हणजे बाबा दाबतील ती प्रत्येक की, बँकेच्या पासवर्डसकट. पानाच्या घरंगळण्यासाठी वडिलांच्या कीबोर्डवर पाळत ठेवायची? त्या वीस ओळी काढून टाकल्या आणि हटरर ह्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

बाबांना सांगितलं, ब्रेक लागल्यासारखंच थांबणार. "चालेल," म्हणाले, आणि दळायला लागले.

एक भानगड अजून शिल्लक आहे. झाकण मिटून उघडलं की लॅपटॉप जागा होतो, माझा प्रोग्रॅम होत नाही. मग मी हापिसात असताना फोन येतो, "अरे, जातं अडकलं." तेवढं ह्या शनिवारी बघायचंय.